यूएसबी लावलं, पण कॉम्प्युटरला दिसेना

'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' असं झळकलं की लगेच विंडोज नव्याने टाकायला घेऊ नका. आधी केबल, पोर्ट आणि वीजपुरवठा तपासा. घोळ बहुधा तिथेच सापडतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला. वस्तू तीच, केबल तीच, फक्त पोर्ट दुसरा, आणि तोही कॅबिनेटच्या मागचा, कारण तो थेट मदरबोर्डवर (कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डवर) असतो. तिथे चाललं तर दोष पुढच्या पोर्टचा. नाही चाललं तर केबल बदला. तरीही नाहीच, तर तीच वस्तू दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. केबल आणि पोर्ट एकदमच बदलले तर काम होईलही, पण दोषी कोण ते कळणार नाही.

फोन चार्ज होतो पण फाइली दिसत नाहीत, ही नेहमीची तक्रार. साध्या यूएसबी केबलमध्ये चार वायरी असतात: लाल आणि काळी विजेसाठी, पांढरी आणि हिरवी डेटासाठी. काही स्वस्त केबलमध्ये डेटाच्या वायरीच नसतात. केबल ठीक असेल तर फोनच्या पडद्यावर वरून खाली बोट ओढा आणि यूएसबीच्या सूचनेत 'फाइल ट्रान्सफर' निवडा. अँड्रॉइड फोन सहसा आपणहून फक्त चार्जिंगवर राहतो.

पोर्टेबल हार्ड डिस्क टक्-टक् करते, दिसते, पुन्हा गायब होते? तिला वीज पुरत नसण्याची शक्यता मोठी. यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. चकती फिरायला लागते त्या क्षणी मोटर जास्त करंट ओढते. त्यात लांब केबल किंवा अ‍ॅडॅप्टर नसलेला हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) मध्ये असला की व्होल्टेज आणखी पडतं. आखूड केबलने मागच्या ३.० पोर्टला, बहुतेकदा निळ्या, जोडा. हब हवाच असेल तर स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला घ्या. वीज नीट देऊनही टक्-टक् थांबली नाही तर डिस्कच बिघडली असेल. मग तिला सारखं चालू-बंद करत बसू नका.

आता टॉर्च मारून पोर्टच्या आत बघा. मधल्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर सोनेरी संपर्क सरळ रांगेत दिसले पाहिजेत. कापसाचे तंतू, धूळ दिसली तर आधी वायर भिंतीच्या सॉकेटमधून काढा, कारण बंद कॉम्प्युटरच्याही पोर्टमध्ये ५ व्होल्ट असू शकतात. मग लाकडी टूथपिकने अलगद काढा. टाचणी, सेफ्टी पिन अजिबात नको. पट्टी तुटलेली किंवा संपर्क वाकून एकमेकांना टेकलेले असतील तर त्या पोर्टवर चिकटपट्टी लावून टाका. शॉर्ट झालेला पोर्ट चांगली वस्तूही जाळू शकतो.

पुढचे सगळेच पोर्ट एकदम गेले असतील तर कॅबिनेट उघडा, अर्थात वायर काढूनच. पुढून येणारा कनेक्टर मदरबोर्डवर सैल झालेला असू शकतो. यूएसबी २.० चा हा कनेक्टर नऊ पिनांचा असतो. दहाव्या पिनेची जागा मुद्दाम बुजवलेली असते, त्यामुळे तो एकाच दिशेने बसतो. बसत नसेल तर जोर न लावता फिरवून बघा.

एवढं करून मग विंडोज. वायर काढून पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून धरा, पुन्हा सुरू करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली जोडलेल्या वस्तूंची यादी) पिवळं चिन्ह असलेल्या नोंदीवर राइट क्लिक, 'अनइन्स्टॉल डिव्हाइस', मग रीस्टार्ट. थोडा वेळ वापरलं नाही की वस्तू गायब होत असेल तर तिथेच 'यूएसबी रूट हब'च्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' उघडून, वीज वाचवायला डिव्हाइस बंद करण्याची परवानगी देणारी टिकमार्क काढा.

लावल्याचा आवाज येतो, पण ड्राइव्ह दिसत नाही? विंडोजमधलं 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. तिथे डिस्क आहे पण ड्राइव्हचं अक्षर (E: सारखं) नाही, तर राइट क्लिक करून अक्षर द्या. फॉरमॅट करू का असं विचारलं आणि आत कामाच्या फाइली असतील, तर 'कॅन्सल'.