परत सांगलीला येताय? आधी नावाचे कागद जुळवा

‘आपल्याच गावात जायचंय, त्यात काय एवढं?’ असं म्हणून परदेशातलं घर आवरायला घेऊ नका. गाव आपलं असलं तरी बँकेच्या आणि सरकारी दप्तरात तुम्ही नवखेच असता. आम्ही मुलांना घेऊन न्यू जर्सीहून सांगलीला कायमचे परत आलो, त्या अनुभवावरून सांगते.

सगळ्यात आधी नाव. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव पहिलं, मग आपलं नाव, मग वडिलांचं. अमेरिकेतल्या कागदांवर मधलं नाव एका अक्षरावर येतं. बायकांचं तर आणखी अवघड, दाखला माहेरच्या नावाचा आणि आधार सासरच्या. बँकेतल्या बाईंनी माझे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि पेनाचं टोक ‘एस’वर टेकवलं.

“मॅडम, हे एस कोण?”

“वडील.”

“आणि आधारवर?”

“मिस्टरांचं नाव आहे.”

“मग या दोघी एकच, हे कशावरून?”

प्रश्न रास्त होता. त्यांच्यावर चिडून खातं उघडणार नव्हतं.

म्हणून निघण्याआधीच एक पूर्ण नाव ठरवा आणि स्पेलिंगसकट तेच सगळीकडे लावा. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र हाताशी ठेवा. तेवढ्याने भागत नसेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या, त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. मुलांच्या जन्मदाखल्यांवर, जन्म झाला त्या राज्याकडून अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) तिथे असतानाच करून आणा. इथून टपालाने ते करणं फार जिकिरीचं आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर आधार आल्या आल्या काढता येतं. ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) असेल तर आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. तोवर पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणी केलेला भाडेकरार बराच उपयोगी पडतो. महाराष्ट्रात ११ महिन्यांच्या करारालाही नोंदणी सक्तीची आहे, घरमालक नको म्हणाले तरी आग्रह धरा.

घर बघताना ‘आमच्या लहानपणी इथे पाणी येत नसे’ हे डोक्यातून काढून टाका. २००५चा पूर म्हणजे शेवटची हद्द, असं इथले कितीतरी जण समजून होते. २०१९ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ला पुन्हा पूर आला. एजंटाच्या बोलण्यावर जाऊ नका. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा, “एकोणीसला पाणी कुठवर होतं?” तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. विजेचे मीटर आणि पाण्याची मोटर त्या हाताच्या वर आहेत का, ते स्वतः उतरून बघा.

पैशांचं थोडक्यात. परतल्यावर एनआरई खातं, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं, तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवा आणि डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर आरएफसी खातं, म्हणजे परतलेल्यांसाठीचं परकीय चलनातलं खातं, मागा. सीएला ‘आरएनओआर’बद्दल, म्हणजे नुकत्याच परतलेल्यांना मिळणाऱ्या कराच्या दर्जाबद्दल, विचारा. मागच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं अनिवासी असाल, किंवा मागच्या ७ वर्षांत भारतात ७२९ दिवसांपेक्षा जास्त राहिला नसाल, तर काही काळ परदेशातल्या उत्पन्नावर साधारणपणे इथे कर लागत नाही. तिकडचा फोन नंबर बंद करू नका, तिथल्या बँकेचे कोड त्यावरच येतात. आणि १२० व्होल्टची यंत्रं कंटेनरमध्ये भरू नका, इथे २३० आहे.

मुलांच्या शाळेचं मात्र सावकाश बघा. २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. घरी मराठी बोलणाऱ्या मुलालाही वाचताना जोडाक्षरं अडवतात. यायच्या आधीच्या वर्षात रोज थोडं वाचून घ्या आणि शाळेत हे पहिल्याच भेटीत मोकळेपणाने सांगा. मूल डॉक्टर व्हायचं म्हणत असेल तर आणखी एक बघा. ४ मार्च २०२१नंतर ओसीआय झालेल्यांना वैद्यकीय प्रवेशात एनआरआयच्या जागा धराव्या लागतात.

आता घरातलं. मला सगळ्यात जड हेच गेलं. आपण नव्हतो तेव्हा आई-बाबांचं दुखणंखुपणं भावाने आणि वहिनीने काढलेलं असतं. आमच्याकडे आईच्या गोळ्यांचा डबा वहिनी भरते. सकाळची गोळी कुठली, ती उपाशीपोटी की चहानंतर, सगळं तिला तोंडपाठ. तिथे जाऊन “डॉक्टर बदलू या का?” म्हणणं म्हणजे तिच्या एवढ्या वर्षांच्या कष्टांवर पाणी ओतणं. सुरुवातीला वहिनीबरोबर दवाखान्यात जा, फाइल धरा आणि ऐका. काही खटकलं तर घरी आल्यावर तिलाच विचारा, भावाला नाही आणि आईला तर नाहीच. औषधांचा आणि सांभाळायला येणाऱ्या मावशींच्या पगाराचा खर्च आजवर कुणी केला, हेही विचारा. आपला वाटा त्याच महिन्यापासून सुरू करा, ती नको नको म्हणेल तरी.