भेगाळलेल्या टाचांना भिरंडेल

एप्रिल-मे महिन्यात गोव्यात फोंडा, सत्तरीकडे घरोघरी भिरंडांची, म्हणजे कोकमांची, सोलां (साली) वाळत पडतात आणि आगळ (खारवलेला रस) गाळली जाते. त्या गडबडीत भिरंडांच्या बिया केराच्या टोपलीत जातात, याचं मला फार वाईट वाटतं. आयुर्वेदातलं वृक्षाम्ल म्हणजे हेच आपलं भिरंड, आणि बियांतलं तेल, म्हणजे भिरंडेल, हे त्याचं तितकंच मोलाचं देणं.

बिया राखेत चोळून बुळबुळीत गर काढा, धुवा, कडक उन्हात चांगल्या खुळखुळेपर्यंत वाळवा. ओलसर राहिल्या तर बुरशी धरते. मग टरफल फोडून आतला गर बारीक वाटायचा, भरपूर पाण्यात उकळायचा आणि भांडं रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी वर पांढुरकी साय घट्ट झालेली दिसेल. ती काढून पुन्हा कढवा, पाण्याचा अंश उरू देऊ नका, नाहीतर तेल खवट होतं. निवून घट्ट होऊ लागलं की हाताने गोळे वळा.

बाजारातून घेताना गोळा कडक, ठिसूळ आणि फिकट पिवळसर असावा. तो साधारण ४० अंशांना वितळतो, म्हणून थेट टाचेवर घासू नका. पळीत किंचित गरम करा, बोटाला सोसेल इतपतच. रात्री पाय कोमट पाण्यात भिजवून, पुसून भेगांत भरा आणि मोजे घाला. आमच्याकडे भातलावणीच्या दिवसांत हे रोजचंच.

भेगांतून रक्त किंवा पू येत असेल, किंवा मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना पाय दाखवा.