ऑटिझमच्या संस्थेवरून घरात दोन-तीन मतं पडली तर काय करायचं

आमच्या घरातलं पहिलं मोठं भांडण डायग्नोसिसवरून झालं नाही, संस्थेवरून झालं. लेकाला ऑटिझम आहे हे कळून चार महिने झाले होते, आईवडिलांना आधार देणाऱ्या एका संस्थेच्या मीटिंगला मी दर रविवारी जायला लागले होते आणि तिथे पहिल्यांदा कोणासमोर तरी मोकळं रडले होते, त्यामुळे ती जागा मला माहेरासारखी वाटायची. मग एक दिवस मिस्टरांनी त्यांच्या देणगीच्या पत्रकावर आमच्या पोराचा फोटो पाहिला, कानावर हात दाबून रडतानाचा, आणि म्हणाले आपल्या लेकाला दाखवून पैसे गोळा करून राह्यले हे लोक, आता जायचं नाही. सासूबाईंचं तिसरंच, याचा बाबाही उशिराच बोलला होता, संस्था कशाला पाहिजे.

तर पहिलं काम, "संस्था चांगली की वाईट" हा वाद बंद करा. तो कधीच संपत नाही. त्याऐवजी घरातल्या प्रत्येकाने एका कागदावर लिहायचं की मला तिथून नेमकं काय पाहिजे. आमच्या नागपूरच्या ग्रुपमधे कामठीहून येणारे एक बाबा होते, त्यांना फक्त कागदपत्रांची मदत पाहिजे होती, ती झाली आणि ते आजही त्या संस्थेचं नाव आदराने घेतात. मानेवाड्याची एक आई मात्र सोडून गेली, कारण तिला सांगितलं की पोरगी हात फडफडवते तेव्हा हात धरून ठेवा, आणि त्यानंतर मुलगी घरी जास्तच बिथरायला लागली. दोघांचंही खरंच होतं. मी लिहिलं "मला बोलायला माणसं पाहिजे", मिस्टरांनी लिहिलं "पोराची इज्जत", आणि हे दोन्ही एकाच जागी मिळालं पाहिजे असं कुठे आहे, हे तो कागद समोर आल्यावरच आम्हाला कळलं.

मग कागदपत्रं बघा, यात लाजायचं नाही. संस्था ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असते, तिचा नंबर मागा. देणगी देणार असाल तर ८०जी, म्हणजे देणगीवर करात सूट, आहे का ते विचारा. आणि एक प्रश्न नक्की विचारा, ऑटिझमसारखं अपंगत्व असलेल्यांसाठी १९९९ च्या कायद्याने झालेल्या सरकारी नॅशनल ट्रस्टकडे तुमची नोंदणी आहे का? कारण त्यांच्या निरामय या आरोग्य विम्याचा फॉर्म अशा नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत भरला जातो, त्यात १ लाखापर्यंत कव्हर आहे आणि थेरपीचा खर्चही काही प्रमाणात बसतो. पोरगं १८ चं झाल्यावर कायदेशीर पालक नेमणारी जी जिल्ह्याची कमिटी असते तिच्यातही कलेक्टरसोबत अशा संस्थेचा माणूस बसतो. म्हणजे मीटिंग पटली नाही तरी एवढ्या कामापुरती ओळख ठेवायला हरकत नाही.

दिव्यांग सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मात्र कोणतीच संस्था देत नाही. ते सरकारी दवाखान्यातूनच होतं, ऑटिझम किती आहे ते मोजणारी इसा नावाची तपासणी करून. "आम्ही करून देतो, इतके पैसे लागतील" असं कोणी म्हटलं तर उठून या. आपल्याकडे धंतोलीत यशवंत स्टेडियमपाशी केंद्र सरकारचं सीआरसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं केंद्र आहे, तिथेही एकदा जाऊन या, म्हणजे तुलना करायला काहीतरी हाती येतं.

थेरपिस्टचं पण तपासा. स्पीचवाले, स्पेशल एज्युकेटर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांना आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नंबर असतो. ओटीवाल्यांचं (ऑक्युपेशनल थेरपी) वेगळं, त्यांची महाराष्ट्राची स्वतःची परिषद आहे. आणि "पूर्ण बरं करू" हा शब्द ऐकला की थांबा. स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवलं तर दोनदा थांबा, ऑटिझमसाठी तो मान्य उपचार नाही, आणि संशोधन म्हणून करत असतील तर पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. आमच्या ओळखीतल्या एका घराने शेत विकायची तयारी केली होती हो, म्हणून इतकं जोर देऊन लिहितेय.

आता फोटोचं. ॲडमिशनच्या वेळी दहा फॉर्मवर सह्या होतात, त्यातच एक फोटोची परवानगी असते आणि मी ती न वाचता सही केली होती. तुम्ही लेखी लिहून द्या, "वर्गातल्या नोंदीसाठी फोटो चालेल, देणगी, बॅनर, व्हॉट्सॲपसाठी नाही". आधी सही केली असेल तरी परत घेता येते, आम्ही साधं पत्र दिलं आणि उरलेली पत्रकं त्यांनी बाजूला काढली. वाईट नव्हते ते लोक, पण कोणी विचारलंच नव्हतं त्यांना. मीटिंगमधे मुलांसमोर मुलांबद्दल कसं बोलतात तेही ऐका, आपलं पोर बोलत नसलं तरी त्याला ऐकू येतं.

सोडून गेलेल्या दोन-तीन घरांशी बोला, टिकून असलेल्यांशी तर आपण बोलतोच.

सासूबाईंना समजावत बसले नाही, एक दिवस ओटीच्या सेशनला सोबत घेऊन गेले. झोक्यावर बसून नातू पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून हसला. त्यानंतर मे महिन्यातल्या ४५ च्या उन्हातही त्या रुमाल बांधून आल्या. आजीआजोबांना वाद घालून नाही जमत बाप्पा, दाखवावं लागतं.

शेवटी आमच्याकडे असं ठरलं की रविवारची मीटिंग माझी, थेरपी दुसरीकडे, आणि दर सहा महिन्यांनी तो कागद काढून पुन्हा बघायचा. कधी सोडायची वेळ आली तर भांडून निघू नका, रिपोर्ट, असेसमेंट, थेरपीच्या नोंदी सगळ्यांची झेरॉक्स आधी मागून घ्या, कारण पुढच्या जागी सगळ्यात आधी तीच फाइल मागतात.