कर्नलकडे रँडम आकडे मागताना या चुका टाळा

एम्बेडेड लिनक्सवर काम करणाऱ्या नव्या मुलांचा कोड मी दरवर्षी तपासतो आणि दरवर्षी त्याच चुका सापडतात. कंपायलर गप्प असतो, टेस्ट पास होतात, आकडे डोळ्यांना हवे तितके अस्ताव्यस्त दिसतात. म्हणून त्या थेट ग्राहकाच्या घरापर्यंत पोचतात.

पहिल्याच बूटमध्ये किल्ली बनवणं

कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, आकडे आकाशातून मिळत नाहीत. इंटरप्ट (हार्डवेअरची हाक) नेमका कधी आला, डिस्कने उत्तर द्यायला किती वेळ घेतला, अशा बारीकसारीक वेळा तो गोळा करतो आणि घोटत राहतो. पुरेसं जमलं की मगच त्याचा जनरेटर तयार होतो. लॅपटॉपवर हे चटकन उरकतं. छोट्या पेटीत मात्र कीबोर्ड नसतो, फिरणारी डिस्क नसते, घड्याळाला बॅटरी नसेल तर वेळ दरवेळी १९७०पासून सुरू होते. शिवाय कारखान्यातून निघालेली प्रत्येक पेटी पहिल्या बूटला तीच कामं त्याच क्रमाने करते. आणि नेमकं तेव्हाच आपली स्क्रिप्ट एसएसएचची, म्हणजे दूरून सुरक्षित लॉगिनची, किल्ली याच आकड्यांतून बनवायला बसते! डेव्ह-यूरँडम हा आकडे मागण्याचा नेहमीचा मार्ग अशा वेळी थांबवत नाही. तयार असो वा नसो, मागाल तितके बाइट देतो.

काही वर्षांपूर्वी एका ग्राहकासाठी आम्ही गेटवे (नेटवर्क जोडणारी पेटी) बनवत होतो, कर्नल ३च्या मालिकेतला. सर्व्हरवर प्रत्येक पेटीच्या सार्वजनिक किल्लीचा ठसा (तिची छोटी ओळख) नोंदला जाई आणि त्या रकान्यात दोनदा तोच ठसा चालत नसे. एके दिवशी साइटवरून फोन आला, "सर, नोंदणीच होत नाहीये, पेटी खराब दिसते." आम्ही पेटी बदलून दिली. आठवड्याभरात दुसरी, मग तिसरी. तेव्हा कुठे मी परत आलेली पेटी आणि जिच्याशी ठसा जुळत होता ती, अशा दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या. मॅक अॅड्रेस वेगळा, सिरियल नंबर वेगळा, खासगी किल्ली अक्षरश: तीच. आधी आम्ही सर्व्हरला दोष दिला, मग फ्लॅश लिहिणाऱ्या यंत्राला. शेवटी सिरियल कन्सोलचा लॉग ओळ न ओळ वाचला. रँडम तयार झाल्याची कर्नलची ओळ खूप खाली होती, किल्ली त्याच्या कितीतरी आधी बनून बसली होती. म्हणजे एक पेटी ज्याच्या हातात, त्याच्याकडे दुसरीचीही किल्ली. बसवलेल्या प्रत्येक पेटीची किल्ली आणि प्रमाणपत्र नव्याने काढण्यात कित्येक आठवडे गेले.

हे फक्त आमच्याकडेच घडलं असं नाही. २०१२मध्ये संशोधक नादिया हेनिंगर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटभरच्या किल्ल्या गोळा करून पाहिल्या, तेव्हा राउटर-फायरवॉलसारख्या उपकरणांत हाच रोग निघाला. काहींची किल्ली पूर्ण सारखी नव्हती, पण आरएसए पद्धतीत किल्ली ज्या दोन मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनते, त्यातली एक समान होती. पहिली मूळ संख्या निघेपर्यंत दोन्ही यंत्रं एकाच वाटेवर होती, दुसरीच्या वेळी थोडं वेगळं काही मिसळलं. तेवढंही पुरतं. दोन्ही सार्वजनिक संख्यांचा मसावि काढला की दोन्ही खासगी किल्ल्या हातात येतात. मसावि आपण शाळेतच शिकलेलो असतो.

उपाय २०१४पासून आहे. कर्नल ३.१७मध्ये गेटरँडम हा सिस्टम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलला थेट घातलेली हाक) आला. फ्लॅग शून्य ठेवा. जनरेटर तयार होईपर्यंत तो थांबतो, नंतर त्यासाठी कधीच थांबत नाही. माझी सवय अशी: नव्या बोर्डाच्या डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ‘सीआरएनजी इनिट डन’ ही ओळ शोधायची, तिची वेळ आणि किल्ली बनल्याची वेळ कागदावर शेजारी लिहायची. आणि कारखान्यात प्रत्येक पेटीत स्वतंत्र सीड (जनरेटरला सुरुवातीला द्यायचा गुप्त आकडा) घालायचं. ते नुसतं डेव्ह-रँडममध्ये लिहिलं तर मिसळतं, पण हिशेबात धरलं जात नाही. त्यासाठी वेगळा आयऑक्टल (डिव्हाइसला द्यायचा खास हुकूम) लागतो.

"पण बूट अडकतं," ही तक्रार खरी आहे. २०१९मध्ये एक्स्ट४ या फाइल सिस्टममधल्या एका सुधारणेने बूटच्या वेळची डिस्कची ये-जा कमी झाली, इंटरप्ट घटले आणि काही मशीन लॉगिनचा पडदा येण्याआधीच गेटरँडमपाशी खोळंबली. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने ती सुधारणा ५.३मधून मागे घेतली आणि ५.४मध्ये सीपीयूच्या वेळेतल्या चढउतारातून सीड जमवण्याची सोय केली. ज्या बोर्डांत सीपीयूचे ठोके मोजणारा वेगवान सायकल काउंटर नाही, तिथे ती चालत नाही. तिथे घाईतली मुलं न थांबण्याचा नॉनब्लॉक फ्लॅग लावतात आणि नकार आला की घड्याळाची वेळ वापरतात. असा कोड मी मंजूर करत नाही. कर्नल सांगतोय की माझ्याकडे अजून काही नाही, आणि आपण त्याच्या जागी सगळ्यांना माहीत असलेला आकडा घालतोय.

"एन्ट्रॉपी संपली"

एन्ट्रॉपी म्हणजे कर्नलने जमवलेली अनिश्चितता, आणि ती वापरून संपते ही समजूत जाता जात नाही. एकदा पक्कं २५६ बिटांचं सीड मिळालं की कर्नलमधला चाचा२० हा अल्गोरिदम त्यातून हवे तेवढे बाइट काढतो, पाण्याच्या टाकीसारखं काही संपत नाही. कर्नल ५.६पासून, म्हणजे २०२०पासून, डेव्ह-रँडमही एकदा तयार झाल्यावर अडत नाही. तरी लोक किती एन्ट्रॉपी जमली ते दाखवणारी एन्ट्रॉपी-अव्हेल फाइल पाहत बसतात. नव्या कर्नलात तिथे २५६वर थांबलेला आकडा दिसतो, त्यावरून काही कळत नाही.

यातला सर्वांत वाईट शॉर्टकट म्हणजे हार्डवेअरमधून एन्ट्रॉपी आणून कर्नलला देणाऱ्या आरएनजीडी या प्रोग्रॅमला डेव्ह-यूरँडमचंच तोंड लावून देणं. जीपीजी (एन्क्रिप्शनचं साधन) अडकतंय म्हणून कुणीतरी कधीकाळी सांगितलेला हा उपाय अजून कॉपी होत असतो. कर्नलचेच बाइट कर्नलला परत, वर ते नवी एन्ट्रॉपी म्हणून जमा. बूटच्या सुरुवातीला हे चाललं तर जनरेटर रिकामा असतानाच ‘तयार’ ठरतो आणि गेटरँडमची थांबण्याची हमीही गेली. कुठल्याही स्क्रिप्टमध्ये ही ओळ दिसली तर आजच काढा.

बाकीच्या चुका थोडक्यात.

मास्टर इमेजमध्ये (सगळ्या पेट्यांत उतरवायच्या मूळ प्रतीत) सीडची फाइल किंवा एसएसएचची किल्ली राहू देऊ नका. इमेज बंद करण्याआधी दोन्ही पुसा. सीड वाचलं की लगेच त्या जागी नवं लिहा, नाहीतर वीज गेली की तेच पुन्हा वापरलं जातं.

एकाच स्नॅपशॉटवरून (गोठवलेल्या प्रतीवरून) दोन व्हर्च्युअल मशीन उठवली तर दोघांची स्थिती सारखी असते. ५.१८पासून व्हीएमजेनआयडी या व्हर्च्युअल मशीनच्या ओळखक्रमांकामुळे कर्नलला ते कळतं, तुमच्या प्रोग्रॅममध्ये जपून ठेवलेल्या जनरेटरला कळत नाही. फोर्कनंतरही (प्रोसेसची नक्कल झाल्यावरही) तेच. म्हणून मी स्वतःचा जनरेटर ठेवतच नाही, दरवेळी कर्नलकडे मागतो.

आरडीरँड या प्रोसेसरच्या रँडम आकडे देणाऱ्या सूचनेवर एकट्यावर विसंबू नका. काही एएमडी प्रोसेसरांवर मशीन झोपेतून उठल्यावर ही सूचना सगळे बिट ‘१’च देत होती, आणि वर ‘यशस्वी’ असंही सांगत होती.

गेटरँडमने किती बाइट दिले ते तपासा. २५६पर्यंत मागितले तर, जनरेटर तयार असताना, अर्धवट मिळत नाहीत. जास्त मागितले तर सिग्नल आल्यावर मिळू शकतात आणि बफरचा उरलेला भाग आधी होता तसाच राहतो.

तपासणीच्या साधनाने दिलेली वॉर्निंग गप्प करायला रँडमच्या कोडमधली ओळ उडवू नका. डेबियन लिनक्सच्या ओपनएसएसएल या क्रिप्टो लायब्ररीत २००६ साली हेच झालं. सीडमध्ये फक्त प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रॅमचा क्रमांक) उरला, जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. मे २००८मध्ये ते उघड झालं, तोवर बनलेली प्रत्येक किल्ली टाकून द्यावी लागली.