रीफ टाकीसाठी मीठ निवडताना या चुका टाळा

"दादा, कोणतं मीठ घेऊ?" नवीन रीफ टाकी, म्हणजे घरात खारं पाणी करून प्रवाळ (कोरल) ठेवायची टाकी, लावणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच. मी आधी विचारतो, पाणी कुठलं वापरणार? त्याचा विचार बहुतेकांनी केलेलाच नसतो.

लातूरला एका तरुणाकडे गेलो होतो. पाणी गढूळ, कोरल मिटलेले आणि मीठ दोनदा बदलून झालेलं. पंप उघडला तर पंख्यावर पांढरा, खडबडीत थर. हीटरवरही तोच, नखाने खरवडून निघेना. घरच्या बोअरचं साधं पाणी तपासलं, तर मीठ पडायच्या आधीच केएच, म्हणजे पाण्याची क्षारता (अल्कलिनिटी), १३! त्यात जास्त केएचचं मीठ. समुद्राच्या पाण्याचा केएच ७ च्या आसपास असतो. त्याच्या कितीतरी पट क्षारता पाण्यात टिकत नाही, ती कॅल्शियमला सोबत घेऊन थर धरते. मग कॅल्शियम कमी दिसतं, म्हणून हा बाटलीतलं कॅल्शियम ओतायचा आणि थर आणखी वाढायचा. मिठाचा यात काही दोष नव्हता. आपल्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी जड असतं. आरओ आणि त्यापुढे डीआय (उरलेसुरले क्षार काढणारा फिल्टर) लावून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्य करा, मगच मिठाचं बोला.

स्वयंपाकघरातला आरओ चालेल का, हे हमखास विचारलं जातं. नाही चालत. पाण्याला चव यावी म्हणून त्यातल्या बऱ्याच मशिनींत टीडीएस कंट्रोलर असतो, तो आरओतून न गेलेलं थोडं पाणी परत मिसळतो. टीडीएस मीटर बुडवून बघा, कळेल.

दुसरी चूक म्हणजे डब्यावर 'प्रो' दिसलं की तेच उचलायचं. रेड सी कंपनीच्या काळ्या बकेटमधल्या कोरल प्रोचा केएच १२ च्या आसपास, निळ्या बकेटमधल्या मिठाचा ८ च्या. पहिलं आहे झपाट्याने वाढणाऱ्या दगडी प्रवाळांसाठी, ते सतत क्षारता आणि कॅल्शियम ओढून घेतात. आपल्याकडे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. घरच्या टाकीत मशरूम, झोआ, लेदर असे मऊ प्रवाळ असतील, तर एवढी क्षारता खाणार कोण? मी अशांना निळ्या बकेटमधलं साधंच मीठ सांगतो. कोणी नेट बघून वाद घालतो, तेव्हा एवढंच विचारतो की तुझ्या टाकीत केएच आठवड्याला किती उतरतो? मोजलेलं नसतं. आधी महिनाभर मोजा, मग मीठ ठरवा. एवढा धीर नसेल तर रीफच्या नादाला लागू नका, बिचारे जीव मरतात.

सुटं मीठ घेऊ नका. मोठ्या बकेटमधून किलोकिलोने पिशव्या भरून विकतात. वाहतुकीत हादरे बसून मिठातले बारीक-जाड घटक वेगळे होतात. वरच्या पिशवीत एक, तळाच्या पिशवीत दुसरंच. सीलबंद बकेट घ्या, उघडण्याआधी लोळवून आडवीतिडवी फिरवा आणि पावसाळ्यात झाकण घट्ट ठेवा.

खाण्याचं किंवा खडे मीठ कधीच नाही.

पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी ओतू नका. पंप चालू ठेवून थोडं थोडं टाका. लिटरला साधारण ३८ ग्रॅम लागतं, पण वजनावर विसंबू नका, खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) दिसलं पाहिजे. तो रिफ्रॅक्टोमीटरही ३५ च्याच द्रावणावर जुळवून घ्या, नुसत्या आरओ पाण्यावर नाही. कोरल प्रो विरघळलं की लगेच वापरा, रात्रभर फिरवत ठेवू नका.

मे महिन्यात टाकीवर पंखा लावला की पाणी भराभर उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं. तरी लोक भरीला खारं पाणी घालतात आणि खारेपणा चढला की मिठाच्या कंपनीला दोष देतात. भर नेहमी गोड्या आरओ-डीआय पाण्याची. टाकीच्या काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा, रोज सकाळी तिथपर्यंत पाणी आणा.