पेल्विक हेल्थ फिजिओथेरपी: पदव्युत्तर अभ्यासक्रमाला बसण्यापूर्वीची तयारी

पेल्विक हेल्थ म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, मूत्राशय आणि गुदाशय यांच्या तक्रारींवरची फिजिओथेरपी. अर्ज भरण्याआधी तिच्या अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात एकच गोष्ट बारकाईने शोधावी: योनिमार्गातून आणि गुदद्वारातून करायच्या अंतर्गत तपासणीचे प्रत्यक्ष शिक्षण किती तासांचे आहे आणि ते कोणाच्या देखरेखीखाली होते. शरीररचना, औषधे, शोधनिबंध हे सारे वाचून आत्मसात करता येते. ओटीपोटाच्या तळाचा स्नायू आवळला जातो आहे की रुग्ण नुसता श्वास रोखून नितंब घट्ट करते आहे, हा फरक बोटाला कळावा लागतो. केवळ व्याख्यानांवर चालणाऱ्या अभ्यासक्रमाची पदवी भिंतीवर शोभेल, पण पहिल्या रुग्णासमोर तिचा उपयोग होणार नाही, असे माझे मत आहे. त्याच वेळी, पुढे जिथे काम करायचे आहे तिथल्या नोंदणी मंडळाचे अंतर्गत तपासणीविषयीचे नियमही वाचून ठेवावेत.

या शिक्षणात विद्यार्थिनींनी एकमेकींची तपासणी करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. आपण त्यासाठी तयार आहोत का, याचा निर्णय घरी शांतपणे घ्यावा आणि नकार दिल्यास कारण सांगावे लागेल का, गुणांवर परिणाम होईल का, हे आधीच लेखी विचारावे. संमती म्हणजे सही नव्हे, हे पुढे रुग्णांना समजावून सांगायचे आहे. तपासणी कोणत्याही क्षणी थांबवता येते, हा हक्क विद्यार्थ्यालाही तितकाच आहे.

उजळणीत लिव्हेटर अॅनाय (ओटीपोटाच्या तळाचा मुख्य स्नायू) आणि त्याचे भाग, त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या मज्जातंतूमुळांपासून निघणारी प्युडेंडल नर्व्ह आणि मूत्राशय भरण्याची व रिकामे होण्याची प्रक्रिया पक्की असावी. स्नायूंची ताकद 0 ते 5 अशी मोजणारी सुधारित ऑक्सफर्ड श्रेणी आणि योनिपटलाची पातळी शून्य धरून ओटीपोटातला अवयव योनीत किती सेंटिमीटर वर किंवा खाली आहे ते नोंदवणारी, 1996 मध्ये प्रसिद्ध झालेली पॉप-क्यू पद्धतही वाचून जावे. अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम मांडले, तेव्हा आवळण्याचा दाब स्त्रीला स्वतःला दिसावा म्हणून पेरिनिओमीटर नावाचे उपकरणही वापरले होते. व्यायामाला त्यांचे नाव चिकटले आणि पडताळणी मात्र मागे पडली, त्यामुळे छापील कागद हाती देऊन रुग्णाला घरी पाठवण्याची सवय असेल तर ती प्रवेशापूर्वीच सोडावी.

सर्वांत जास्त वेळ भाषेला द्यावा. ‘मूत्र-असंयम आहे का?’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात; ‘खोकला किंवा शिंक आली की लघवी निसटते का?’ असे विचारले की मान हलते. ‘थोडीशी’ असे उत्तर आल्यास दिवसातून किती वेळा कपडे किंवा पॅड बदलावे लागते, हे विचारावे. अंग खाली आल्यासारखे वाटणे, वायू किंवा शौच न रोखता येणे, संबंधांच्या वेळी दुखणे, हे प्रश्न आरशासमोर मोठ्याने म्हणावेत आणि आवाज कुठे खाली जातो ते ऐकावे, कारण आपला आवाज दबला की समोरच्याचे उत्तरही दबते. शौचाच्या स्वरूपासाठी 7 प्रकारांचा ब्रिस्टल तक्ता जवळ असला की पुष्कळ संकोच वाचतो.

मूत्राशयाची 3 दिवसांची डायरी स्वतः भरून पाहावी: किती प्यायलो, किती वाजता गेलो, मापाच्या भांड्यात किती मिलिलिटर भरले. दुसऱ्या दिवशी दुपारी कामाच्या ठिकाणी ते भांडे पिशवीत लपवून न्यावे लागते, तेव्हा रुग्णाच्या डायरीतले रिकामे रकाने वेगळे दिसू लागतात.

प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरचे पुरुष आणि लहान मुले अभ्यासक्रमात कितपत आहेत, तेही पाहून घ्यावे. लघवीत रक्त दिसल्यास रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवायचे असते आणि मांड्यांच्या मधला भाग बधिर होऊन लघवी अचानक अडल्यास ताबडतोब रुग्णालयात, हे पहिल्या दिवसापासून पाठ हवे.

कागदपत्रांत हिपॅटायटिस बी लसीकरणाची नोंद ठेवावी, लॅटेक्सची अॅलर्जी असल्यास आधी कळवावे आणि नखे कापून जावे.