गव्हाच्या मुळांचा कोन तपासताना या चुका टाळा

गव्हाचं मूळ सरळ खाली उतरणार की बाजूला पसरणार, याचा कल बराचसा जनुकांनी ठरतो. पण बी लावण्यातच गफलत झाली, तर कुंडीत दिसतो तो कोन वाणाचा नसतो, आपल्या हाताचा असतो.

बी कसंही टाकणं. सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. अंकुराची बाजू वर राहिली की मूळ निघतानाच वळसा घेतं आणि तो वळसाही मोजणीत येतो. पारदर्शक कुंडीत बी उभं लावा. अंकुराचं टोक खाली, तोंड भिंतीकडे, खोली सुमारे 3 सेंमी. 20 सेंमी व्यासाच्या कुंडीत कडेने अडीच सेंमीवर 24 बिया बसतात. ही कुंडी काळ्या कुंडीत ठेवा, कारण उजेडानेही मुळं वळतात. एका वाणाच्या सगळ्या बिया एकाच कुंडीत लावू नका. त्या कुंडीत ओल जास्त राहिली, तर तो फरक वाणाच्या नावावर जमा होतो.

चुकीची मुळं मोजणं. आधी मधलं मूळ येतं, मग दोन बाजूंना पहिली जोडी, नंतर बहुधा दुसरी. कोन पहिल्या जोडीमधला घ्या, साधारण पाचव्या दिवशी फोटो काढून. मुकुटमुळं, म्हणजे खोडाच्या बुडातून फुटणारी मुळं, पुष्कळ नंतर येतात. त्यांचा हिशेब वेगळा.

जनुकाचा अर्थ उलटा लावणं. मुळाच्या टोपीतले स्टार्चचे कण खाली बसतात, खालच्या बाजूला ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक वाढतं, तिथल्या पेशी कमी लांबतात आणि मूळ खाली वळतं. ईजीटी2 हे जनुक या वळण्याला आवर घालतं. 2021 मध्ये बार्लीत दिसलं, की ते बिघडलं तर मुळं जास्त उभी वाढतात. म्हणजे खोल मुळांसाठी हे जनुक ‘वाढवायचं’ नसतं. शिवाय बन्सी गव्हात त्याच्या दोन प्रती असतात आणि साध्या गव्हात तीन. एकच प्रत बंद केली तर उरलेल्या प्रती काम भागवू शकतात. तेवढ्यावरून जनुक निरुपयोगी ठरवू नका.

अरुंद कोन म्हणजे चांगला वाण, असं धरणं. काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवरच्या कोरडवाहू गव्हाला उभी मुळं लाभतात. पण स्फुरद वरच्या थरात असतं आणि हलक्या पाळ्यांचं पाणीही तिथेच राहतं. तिथे पसरट मुळं जास्त कामाची.